दाणेदार, काळोखं चित्र: दोष डिस्कचा की आणखी कशाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९७०च्या दशकात ३५ मिमी फिल्मवर चित्रित झालेल्या एका चित्रपटाची ४के अल्ट्रा एचडी डिस्क घेतली. चित्रभर बारीक दाणे वळवळताना दिसतात, रात्रीच्या प्रसंगांत काही कळत नाही, आणि त्याच चित्रपटाची जुनी साधी ब्लू-रे याहून उजळ आणि स्वच्छ वाटते. वेष्टनावर डॉल्बी ॲटमॉस (छतातूनही आवाज देणारी ध्वनिपद्धत) छापलंय, पण छतातले स्पीकर जवळजवळ गप्प. मग ही डिस्क खराब आहे का? आणि एखाद्या डिस्कचं चित्र, आवाज चांगला की वाईट हे ठरवायचं कशावरून?

डिस्क चांगली असण्याचीच शक्यता जास्त आहे. दाणे हा इथे बहुतेक गुण आहे. काळोख हा बहुतेक खोलीचा आणि टीव्हीच्या सेटिंगचा प्रश्न आहे. जुन्या डिस्कच्या स्वच्छपणाबद्दल मला शंका आहे. आणि छतातले स्पीकर गप्प असतील तर आवाजाचं मिक्सिंग करणाऱ्याने संयम पाळला असेल. पण डिस्क मी पाहिलेली नाही, म्हणून तुमचं तुम्हालाच तपासता यावं अशी रीत सांगतो.

डिस्क छापायला जाण्याआधी तिचं मास्टर, म्हणजे जिच्यावरून सगळ्या प्रती निघतात ती आवृत्ती, तपासणं हे माझं अनेक वर्षांचं काम. त्या कामात एक प्रश्न सतत विचारावा लागतो: हा दोष जन्मला कुठे? चित्रीकरणात, निगेटिव्ह ते मास्टर या प्रवासात, पुनर्संचयनाच्या (जुना चित्रपट दुरुस्त करण्याच्या) टेबलावर, कॉम्प्रेशनमध्ये (डिस्कवर मावण्यासाठी माहिती दाबताना), की पाहणाऱ्याच्या टीव्हीत? हे ठरवल्याशिवाय दिलेलं मत डिस्कबद्दलचं नसतं. कॅमेरामनने मुद्दाम धूसर टिपलेला प्रसंग धूसरच दिसला पाहिजे. तो लखलखीत दिसला तर डिस्क चुकली.

म्हणून सुरुवात मूळ स्रोतापासून करा. फिल्मच्या जमान्यात कॅमेऱ्यातून निघालेल्या निगेटिव्हवरून इंटरपॉझिटिव्ह नावाची मधली प्रत, त्यावरून ड्यूप निगेटिव्ह आणि त्यावरून थिएटरची प्रिंट निघायची. म्हणजे प्रेक्षकांनी पाहिली ती चौथी पिढी. प्रत्येक पिढीत तपशील थोडा पुसला जातो, कॉन्ट्रास्ट चढतो. जुन्या व्हिडिओ आवृत्त्या पुष्कळदा इंटरपॉझिटिव्हवरून केलेल्या असत. आज मूळ निगेटिव्ह ४के स्कॅन केलं की जे हाती येतं ते थिएटरात कुणी पाहिलेलंच नसतं. कापडाची वीण आणि डोळ्यांतलं पाणी दिसतं, तसा मेकअपचा थरही दिसतो आणि सेटवरचा रंगवलेला पडदाही. शेवटच्या दोन गोष्टींबद्दल डिस्कला दोष देता येत नाही.

आणि निगेटिव्हच धड नसेल तर? सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीचं उदाहरण पाहा. १९९३ मध्ये लंडनमधल्या एका लॅबला आग लागली, त्यात या चित्रपटांच्या निगेटिव्ह होरपळल्या. पुढे ऑस्करवाल्या अकॅडमीचं फिल्म आर्काइव्ह, डिस्क काढणारी अमेरिकी कंपनी क्रायटेरियन आणि बोलोन्याच्या प्रयोगशाळेने वाकलेली, ठिसूळ झालेली फिल्म पुन्हा लवचिक करून त्यातली शक्य तितकी स्कॅन केली आणि २०१५ मध्ये ४के पुनर्संचयन पूर्ण झालं. ‘पथेर पांचाली’ आणि ‘अपराजितो’चा काही भाग त्या निगेटिव्हमधून मिळाला, बाकीचा नंतरच्या पिढीच्या प्रतींतून. ‘अपूर संसार’ तर पूर्णपणे दुसऱ्या प्रतींवरूनच करावा लागला. अशा चित्रपटात एका शॉटमध्ये टोकदार तपशील आणि दुसऱ्यात थोडा मऊपणा दिसला, तर त्या मऊ शॉटचे गुण कापणं मला अन्याय वाटतो. जे शिल्लक होतं त्यातून जास्तीत जास्त काढलंय का, एवढंच तिथे पाहायचं.

अलीकडच्या चित्रपटांत वेगळी भानगड असते. साधारण २००० नंतरच्या दीड दशकात असंख्य मोठे चित्रपट, विशेषतः ज्यांत संगणकावरचे इफेक्ट खूप आहेत ते, २के रिझोल्यूशनवर पूर्ण केले गेले. २के म्हणजे आडवे २०४८ पिक्सेल, आणि डिस्कवर असतात ३८४०. मधला फरक वाढवून भरलेला असतो. अशा डिस्कवर नवा तपशील शोधत बसू नका. तिथे फायदा होतो तो उजेडाच्या पल्ल्यात, रंगांच्या बारीक छटांत आणि कमी दाबलेल्या कॉम्प्रेशनमध्ये, आणि तोही पुरेसा असू शकतो.

आता दाणे. फिल्मवरचं चित्र रासायनिक कणांतून बनतं, म्हणजे ग्रेन (हे दाणे) हाच त्या चित्राचा धागा आहे. ग्रेन काढला की चित्र स्वच्छ होत नाही, त्यातली माहितीच निघून जाते. खात्री करायची असेल तर एक चेहरा निवडा. दिव्याच्या उजेडातला क्लोजअप सगळ्यात बरा, एक गाल उजेडात, एक सावलीत. तिथे पॉज करा आणि एकेक फ्रेम पुढे सरका. खरा ग्रेन प्रत्येक फ्रेमला नवी रचना घेतो. मधल्या छटांत तो जास्त जाणवतो, अगदी पांढऱ्या भागात जवळपास नाहीसा होतो. गालावरची लव, कानशिलाजवळचे केस, भुवईतला एकेक केस दाण्यांमधून स्पष्ट वेगळा काढता येतो.

आता तीच फ्रेम जुन्या ब्लू-रेवर काढा. सॉफ्टवेअरने ग्रेन पुसला असेल तर गाल मेणाचा वाटेल आणि केसांचा एकच ठोकळा झालेला दिसेल. मुख्य म्हणजे पुढच्या काही फ्रेममध्ये त्वचेवरचा पोत जागचा हलणार नाही आणि डोकं मात्र त्याखालून सरकेल, मळक्या काचेमागे माणूस फिरावा तसं. हे एकदा डोळ्यांना दिसलं की पुन्हा विसरता येत नाही. गडद कोटाची कड आणि उजळ आकाश जिथे भेटतात तिथेही पाहा. कडेला लागून पांढरी बारीक रेघ असेल तर चित्र कृत्रिमरीत्या धारदार केलेलं आहे. जुनी डिस्क तुम्हाला स्वच्छ वाटते ती बहुधा या दोन उपायांमुळेच.

आणखी एक खूण मी नेहमी तपासतो. जुन्या चित्रपटात एक दृश्य दुसऱ्यात विरघळतं तिथे, म्हणजे डिझॉल्व्हपाशी, शॉटचा तेवढा तुकडा पुन्हा दुसऱ्या फिल्मवर उतरवून जोडलेला असतो. त्यामुळे डिझॉल्व्ह सुरू होताना, कधी त्याच्या थोडं आधीच, चित्र एकदम जाड दाण्यांचं आणि किंचित मऊ होतं, आणि नव्या दृश्याचा मूळ तुकडा सुरू झाला की पुन्हा स्वच्छ. ही उडी दिसत असेल तर बरं समजा, कारण कुणी चित्र सरसकट घोटून गुळगुळीत केलेलं नाही. उडी अजिबात जाणवली नाही, तर एकतर फार कौशल्याने काम झालंय किंवा सगळंच सपाट केलंय. कुठलं ते चेहऱ्याची परीक्षा सांगते.

कचरा नि ओरखडे काढणारी स्वयंचलित सॉफ्टवेअर एकाच फ्रेमपुरती दिसणारी वस्तू शोधून पुसतात. धुळीचा कण तसाच दिसतो, आणि पावसाचा थेंबही तसाच दिसतो. एका मास्टरमध्ये मी मुसळधार पावसाचा प्रसंग तपासत होतो. छत्रीवर आपटणाऱ्या पाण्याचा आवाज जोरात, पण छत्रीसमोर थेंब मधूनच नाहीसे होत होते. पात्राच्या काळ्या बाहीसमोर पाऊस अर्ध्यात तुटलेला आणि बाजूच्या भिंतीसमोर पूर्ण. तो सगळा भाग हाताने परत करून घ्यावा लागला. पाऊस, ठिणग्या, उडणारी पाखरं, कारंजी अशी दृश्यं मी तेव्हापासून वेगळी काढून पाहतो. तुम्हीही पाहा.

आता काळोख, कारण तक्रारी सगळ्यात जास्त याच्याच असतात. साध्या ब्लू-रेवरचं चित्र सापेक्ष असतं. पांढरं म्हणजे किती उजेड हे तुमचा टीव्ही ठरवतो. स्टुडिओत ते १०० निट्सवर (निट हे उजेड मोजण्याचं एकक) तयार झालेलं असतं, पण दिवाणखान्यात टीव्ही त्याला सहज २००-३०० निट्सवर नेतो. एचडीआरमध्ये, म्हणजे ४के डिस्कवरच्या उजेडाचा पल्ला वाढवलेल्या चित्रात, मात्र मूल्यं ठरलेली असतात. डिस्कवर जिथे १०० निट्स लिहिलंय तिथे टीव्हीने १००च दाखवायचे. कागदोपत्री ही पद्धत १०,००० निट्सपर्यंत जाते, मास्टर बहुधा १००० किंवा ४००० निट्सच्या मॉनिटरवर तयार होतात. पण हा वरचा पल्ला दिव्याची वात, धातूवरची तिरीप, सूर्य यांच्यासाठी असतो. माणसांचे चेहरे, भिंती, रस्ते हे साधारण जुन्याच पातळीवर राहतात. म्हणून शेजारी ठेवून पाहिलं तर एचडीआर डिस्क जुनीपेक्षा अंधारी वाटते. ती मंद उजेडाच्या खोलीसाठी बनवलेली आहे आणि ट्यूबलाइटखाली पाहिल्यास रात्रीचा प्रसंग गिळला जाणारच.

त्यामुळे डिस्कवर खापर फोडण्याआधी खोलीतले दिवे मालवा. टीव्हीच्या मागे मंद पांढरा दिवा चालेल, समोरून पडद्यावर पडणारा नको. टीव्हीवर फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा, नाहीतर सिनेमा नावाचा मोड. हालचाल गुळगुळीत करणारी, नॉइज कमी करणारी आणि कॉन्ट्रास्ट आपोआप बदलणारी सेटिंग बंद. शार्पनेस शून्यावर, किंवा तुमच्या टीव्हीत जिथे कडा कृत्रिम दिसत नाहीत त्या आकड्यावर. सभोवतालचा उजेड मोजून चित्र मंद करणारा सेन्सरही बंद करा, अंधाऱ्या प्रसंगांची वाट लावण्यात त्याचा हात फार वेळा असतो. रंगाचं तापमान वॉर्म ठेवा. पहिले दोन दिवस पिवळट वाटेल, मग नजर बसते, कारण स्टुडिओचं पांढरंही ६५०० केल्व्हिनच्याच आसपास असतं.

आणि जवळ बसा. सामान्य चांगल्या नजरेला ४केचा शेवटचा तपशील चित्राच्या उंचीच्या सुमारे दीडपटीच्या अंतरापर्यंतच कळतो. ६५ इंची टीव्हीची उंची साधारण ८१ सेंटिमीटर, म्हणजे साधारण सव्वा मीटर. रोज तिथे बसून चित्रपट पाहा असं मी म्हणणार नाही, पण तपासणी तिथूनच करायची. चार मीटरवरून पाहून ‘ब्लू-रे आणि ४केमध्ये फरक नाही’ हे म्हणणं त्या अंतरापुरतं खरंच असतं.

एवढं केल्यावर रात्रीचा प्रसंग पुन्हा लावा. काळ्या कोटात घड्या दिसतात का, केस आणि मागचा अंधार वेगळे राहतात का ते पाहा. दिसत असतील तर डिस्क निर्दोष. नसतील आणि जुन्या डिस्कवर त्याच घड्या स्वच्छ दिसत असतील, तर नव्या मास्टरमध्ये काळं दाबलंय. उलट बाजूलाही नजर टाका: खिडकीबाहेरचं आकाश, दिव्याभोवतीचं वलय. निगेटिव्हमध्ये उजळ भागांची माहिती प्रिंटपेक्षा खूप जास्त असते, म्हणून चांगल्या एचडीआरमध्ये जुन्या आवृत्तीत पांढरा डाग असलेल्या ठिकाणी ढगांची रेषा किंवा दिव्याची काच दिसू लागते. किती निट्सची झळाळी आहे याला मी महत्त्व देत नाही. १५०-२०० निट्सच्या पुढे न जाणाऱ्या डिस्कही उत्तम असतात, चित्रपटच तसा असेल तर. डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्या दुसऱ्या प्रकाराबद्दल एवढंच, की डिस्कवर त्याच्याखाली साध्या एचडीआरचा, म्हणजे एचडीआर१०चा, थर असतोच. टीव्ही मध्यम दर्जाचा असेल तर व्हिजनमधली दृश्यागणिक माहिती उजेड जुळवायला मदत करते. भारी टीव्हीवर फरक पुष्कळदा शोधावा लागतो.

कॉम्प्रेशनबद्दल लोक बिट रेटचा, म्हणजे सेकंदाला किती माहिती वापरली याचा, आकडा पाहून निकाल देतात, ते मला पटत नाही. आकडा उपयोगी आहे, पण हिशोब समजून. दोन तासांचा चित्रपट सेकंदाला सरासरी ६० मेगाबिटने ठेवला तर फक्त चित्रालाच ५४ जीबी लागतात. म्हणजे ५० जीबीच्या डिस्कवर तो मावतच नाही, ६६ किंवा १०० जीबीची डिस्क हवी. अडीच तासांचा दाणेदार चित्रपट ६६ जीबीवर बसवलेला दिसला तर मी सावध होतो, कारण ग्रेन प्रत्येक फ्रेमला नवा असतो आणि दाबायला सगळ्यात महाग पडतो. संगणकावर बनलेला गुळगुळीत ॲनिमेशनपट मात्र निम्म्या आकड्यातही निर्मळ दिसतो. म्हणून आकड्याऐवजी अवघड जागा शोधा: धुकं, धूर, पाण्याखालचा उजेड, मशालीमागची भिंत, लाल प्रकाशातला नाच. तिथे दाण्यांच्या जागी छोटे चौकोन दिसले, किंवा ग्रेन एका फ्रेममध्ये जिवंत आणि पुढच्या दोनांत गोठलेला असा ठेक्यात चालला, तर ते कॉम्प्रेशन. आकाशात रंगाच्या पायऱ्या दिसल्या तर थांबा. साध्या ब्लू-रेत ८ बिट, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, इथे १० बिट, म्हणजे १०२४. पायऱ्या दिसण्याचं कारण बऱ्याचदा टीव्हीची प्रक्रिया असते. दुसऱ्या पडद्यावर पडताळा घेतल्याशिवाय तो दोष मी कधीच लिहीत नाही.

जाता जाता: बोटांचे ठसे किंवा ओरखडे यांनी चित्र कधीच धूसर होत नाही. ते एकतर नीट वाचलं जातं किंवा अडकतं, चौकोन फेकतं. १०० जीबीच्या तीन थरांच्या डिस्क याबाबत नाजूक असतात. मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको.

रंग सगळ्यात अवघड. नव्या मास्टरमध्ये सावल्या निळसर-हिरव्या आणि त्वचा नारिंगी करण्याची चाल बरीच बोकाळली आहे. दिग्दर्शकाने किंवा छायालेखकाने मान्यता दिली असेल तर त्यांचं मत मोठं, पण पन्नास वर्षांत माणसाची आवडही बदलते. मी पांढरा शर्ट, राखाडी रस्ता आणि दुपारच्या उन्हातला चेहरा पाहतो. तिन्ही गोष्टी एकाच दिशेला झुकलेल्या असतील, आणि तेही चित्रपटभर, सकाळ असो की रात्र, तर तो झुकाव नंतर आणलेला आहे असं मी धरतो.

आता आवाज. डॉल्बी ॲटमॉस २०१२ मध्ये आलं. म्हणजे १९७०च्या दशकातल्या चित्रपटाचा ॲटमॉस ट्रॅक नंतर बनवलेला आहे हे उघड आहे. संवाद, संगीत, इफेक्ट यांचे वेगवेगळे टेप सुरक्षित असतील तर असा ट्रॅक फार सुंदर होऊ शकतो, आणि तो चांगला असला तरी छतातले स्पीकर बहुतेक वेळ मुकेच राहतील: पाऊस, मोठ्या सभागृहातला घुमारा, संगीताची थोडी उंची, एवढंच. दर दोन मिनिटांनी डोक्यावरून काहीतरी फिरवणारा ट्रॅक मला परका वाटतो. मूळ मोनो किंवा स्टिरिओ ट्रॅक डिस्कवर दिलाय का हे मी आधी बघतो. नसेल तर तो माझ्या लेखी मोठा उणेपणा, चित्र कितीही देखणं असो.

तपासणी संवादापासून करा. शांत खोलीतला, दोन माणसांचा प्रसंग घ्या आणि डोळे मिटून ऐका. आवाजाला छाती आहे का? ‘स’ आणि ‘श’ पूर्ण ऐकू येतात का, की शेवटी विरून जातात? दोन वाक्यांमधल्या शांततेत कान द्या. तिथे हलका, अखंड सरसर आवाज असेल तर तो टेपचा आहे, राहू द्या. पण माणूस बोलायला लागला की सरसर येते आणि थांबला की सगळं एकदम बधिर होतं, असं होत असेल तर नॉइज काढताना हात जड पडलाय. खोलीची हवाच नाहीशी होते. चित्रातल्या मेणाच्या गालाचा हा ध्वनीतला भाऊ.

खालच्या पट्टीसाठी स्फोटापेक्षा दार आपटणं, पावलं, दूरचा गडगडाट ऐका. प्रत्येक ठोक्याला स्वतःचा आकार आहे का, की सगळ्यांना एकच घूं? सगळीकडे तेच घूं असेल तर खोलीचा दोष आधी तपासा, सबवूफर एक हात सरकवूनही आवाज पालटतो.

दोन ट्रॅकची तुलना करताना आवाजाची पातळी जुळवणं अपरिहार्य आहे. एकदोन डेसिबलने मोठा ट्रॅक कानाला नेहमी ‘जास्त चांगला’ वाटतो. अनेक डॉल्बी ट्रॅक संवादपातळीच्या नोंदीमुळे आपोआप ४ डेसिबल खाली वाजतात, आणि लोक डीटीएस या दुसऱ्या ध्वनिपद्धतीला जोरकस ठरवून मोकळे होतात. मोठ्या मिक्सिंग थिएटरात पडद्यामागचा प्रत्येक चॅनेल ८५ डेसिबलला जुळवून काम चालतं. घरी आपण त्याच्या बरंच खाली ऐकतो, त्यामुळे बास आणि मागचे बारीक आवाज कमी जाणवणं स्वाभाविक आहे.

तुमच्या बाबतीत मात्र आधी प्लेअर तपासा. ध्वनी बिटस्ट्रीमवर (न उलगडता जसाच्या तसा पाठवण्यावर) ठेवा आणि सेकंडरी ऑडिओ नावाचा पर्याय बंद करा. तो चालू असेल तर प्लेअर आवाज स्वतः मिसळून पाठवतो आणि ॲटमॉसची माहिती वाटेतच गळते. रिसीव्हरच्या (स्पीकर चालवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर ॲटमॉस हे नाव उमटलं पाहिजे. तसंच डायनॅमिक रेंज कंट्रोल ‘ऑटो’वर असेल तर ‘ऑफ’ करा, नाहीतर काही डॉल्बी ट्रॅकमध्ये मोठा आवाज गुपचूप दाबला जातो.

हे सगळं एका संध्याकाळी होईल. दिवे मालवून, सव्वा मीटरवर बसून चेहऱ्याची फ्रेम, एक डिझॉल्व्ह, रात्रीच्या प्रसंगातला काळा कोट आणि शांत खोलीतला संवाद, एवढं दोन्ही डिस्कवर पाहा-ऐका आणि प्रत्येक ठिकाणचं मिनिट कागदावर लिहून ठेवा. नव्या डिस्कवर ग्रेन जिवंत असेल आणि कोटात घड्या दिसत असतील तर ती ठेवा आणि जुनी कुणाला तरी देऊन टाका. पण ग्रेन ठेक्यात गोठत असेल, चौकोन दिसत असतील आणि दुसऱ्या टीव्हीवरही त्याच मिनिटाला तेच होत असेल, तर तो डिस्कचाच दोष. मग मिनिटांच्या त्या यादीसह ती परत करा.